न्यायला येतोस म्हणून

ॲरिझोना,
सोमवार, ६ ऑक्टोबर १९८६

प्रिय प्रताप,

काल फोनवर 'शनिवारी न्यायला येतो' म्हणालास आणि मी काही बोलायच्या आत ठेवूनही दिलास. तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. लॅबमध्ये काचेची नळी फोडली. दुपारी उगाचच गोल्फच्या मैदानाला वळसा घालून आले. एका जागी बसवतच नाही.

इथलं सगळंच जगावेगळं आहे बघ. पाच हजार फुटांवरचं वाळवंट, चहूकडे काटेरी झुडपं, आणि मधोमध ह्या रिसॉर्टवाल्यांनी पाणी मारून मारून हिरवंगार मैदान केलंय. माणसं विजेच्या गाडीत बसून चेंडूमागे फिरतात आणि दमल्यासारखं करून आमच्या द्राक्षबागेत वाइन प्यायला येतात. इतक्या उंचीवर वरण शिजता शिजत नाही. कुकर आणला नसता तर उपाशीच राहिले असते. ओठ फुटलेत. तरी सकाळी बागेत शिरले की पळत सुटावंसं वाटतं, आनंदानं की भीतीनं, माझं मलाच कळत नाही.

काम म्हणशील तर रस तपासायचा, वास घ्यायचा, वाइनचा घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. हे आईंना सांगितलंस का रे? नको सांगूस. सून पीत नाही, नुसती थुंकते, यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही. पण केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून आयसेलिन गावातल्या आपल्या घरात मी आठ वर्षं नुसते पडदे बदलले. तू वाईट नाहीस. कधी आवाज चढवला नाहीस. पण दिवसभर काय केलंस, असं कधी विचारलंही नाहीस, आणि विचारलं असतंस तर मला सांगण्यासारखं काही नव्हतं.

शेजारची विनीता फोनवर सांगत होती, तू सगळ्यांना 'ती येते म्हणून गेलीय' असं सांगतोस. अरे, दारातून निघताना आपल्यात 'जाते' कोण म्हणतं? सवयीनं तोंडातून 'येते' गेलं आणि तू त्याचं वचन करून बसलास. द्राक्षांचा हंगाम संपला की बायको परत, असं तू धरून चाललास. तुझं तरी काय चुकलं? मीही तेच धरून चालले होते.

तुझा आवाज ऐकला की माझं अवसान गळतं, म्हणून हे लिहून आजच एक्सप्रेस टपालानं पाठवतेय. बागेच्या मालकीणबाई रूथ यांनी मला कायमची नोकरी देऊ केली, आणि आज सकाळी मी हो म्हणून आले. तुला न विचारता. मला तुझी फार आठवण येते, प्रताप. रात्री कूस बदलत तुझ्याशीच भांडत असते. पण न्यायला यायला हे काही माझं माहेर नाही. राहायला येणार असशील तर ये. नुसता न्यायला येणार असशील, तर तिकीट कॅन्सल कर.

अजूनही तुझीच,
सुनेत्रा