धुतलेले कुंचले

प्रिय घड्याळराव,

हे नाव मीच ठेवलं होतं, तेव्हा अजून चालेल असं धरते. अळ्यांना पाला द्यायची वेळ तू मिनिटभरही चुकवायचा नाहीस. सर म्हणायचे, अरे, अळ्या आहेत की तुझे सासरे? तू हसायचास, पण ट्रे पुसल्याशिवाय जागचा हलायचा नाहीस.

सर गेले, हे तुला कळलंय. प्रयोगशाळा त्याआधीच बंद झाली. अळ्यांच्या खोलीत आता मोडक्या खुर्च्या रचल्यात. तुझ्या वह्या रद्दीत गेल्या. तू प्रामाणिक होतास याचा तेवढाच पुरावा होता. मी विचारायला गेले तेव्हा कपाट रिकामं होतं. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होते. गुडघे कुरकुरतात, बाकी बरी आहे.

एकदा डबा खाताना तू मला सगळं समजावलं होतंस. कात टाकायला लावणारं संप्रेरक रक्तातून येतं, पेशीत शिरतं आणि थेट जनुकांपाशी जाऊन त्यांना जागं करतं. पण कात टाकून काय व्हायचं, हे दुसरं संप्रेरक ठरवतं, बालपण राखणारं. ते असेल तर अळीची पुन्हा अळीच, फक्त मोठी. ते संपलं तरच कोष, मग पंख. पंखांच्या पेशींचे पुंजके अळीच्या अंगात आधीपासूनच असतात, नुसते थांबलेले. हे सांगताना तुझा घास हातातच राहिला होता. मी शाळा अर्धवट सोडलेली, पण मला कळलं.

म्हणून तुझा प्रयोगही कळला. अर्ध्या अळ्यांना कुंचल्याने तू बनवलेलं बालपणाचं संप्रेरक लावायचं, अर्ध्यांना ते ज्यात विरघळवायचं ते नुसतं अॅसिटोन. पहिल्यांनी अळीच राहायला हवं, दुसऱ्यांनी कोष करायला हवा. दुसऱ्यांनीही केला नाही. तीनदा. त्या फुगत गेल्या, डोकं इकडून तिकडे हलवत राहिल्या आणि मेल्या. सर सगळ्यांसमोर म्हणाले, हात स्वच्छ ठेवता येत नसेल तर दुसरा धंदा बघ. तू बघितलास. मी तेव्हा दारातच परीक्षानळ्या घेऊन उभी होते.

परवा सरांच्या पत्नीने तुझं सांत्वनाचं पत्र मला वाचायला दिलं. एकोणीस वर्षांनी तू माफी मागितलीस. चूक माझीच असणार, असं लिहिलंस. मुलीच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायलाही हात धजत नाही, असंही. चूक तुझी नव्हती. नवे कुंचले संपले होते, मागवायचे मी विसरले होते. बोलणी खायला नकोत म्हणून वापरलेलेच साबणाने धुऊन नव्यांच्या पाकिटात भरले. ते संप्रेरक तेलकट, साबणाने सुटत नाही. कणभर उरलं तरी अळीला पुरतं. तिसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आलं. त्या वर्षी मला नोकरीत कायम करणार होते. मी गप्प बसले. आता सर नाहीत, वह्या नाहीत, आणि तो शोध केव्हाच दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लागला. हे पत्र कुणालाही दाखव, तुझं काही परत मिळायचं नाही. माफ कर, असं शेवटी लिहिणार होते. लिहीत नाही. तू करून टाकशील.

तुझीच,
ताई