भाऊ केला

४ जुलै
वराळ्यात खोली मिळाली एकदाची! घरमालकीण नंदाबाईंनी आल्या आल्या पिठलं-भाकरी वाढली आणि लग्न का नाही झालं तेही विचारून घेतलं. कंपनीत तपासणीचं काम, सकाळची शिफ्ट. कंपनीची बस कोपऱ्यावरच येते. ड्रायव्हर स्वराज गावातलाच, फार गोड बोलतो. मजा आहे बाई माझी.

१९ जुलै
बस चुकू नये म्हणून स्वराजला नंबर दिला होता. आज त्याचे एकेचाळीस मिसकॉल. मला यात रस नाही असं तोंडावर सांगितलं, तर म्हणे मी लाजते. लाजते कसली डोंबलाची! नंबर ब्लॉक केला. आता रिक्षाने जाते.

२८ जुलै
शिरगावच्या मंदिरात गेले, तो मागे. तळेगावच्या बाजारात गेले, तो मागे. आज दोरीवरच्या माझ्या निळ्या ड्रेसच्या चिंध्या दारात पडलेल्या. पोलीस ठाण्यातल्या बाईंनी नीट ऐकलं. असा पाठलाग हा गुन्हाच आहे म्हणाल्या. घडेल ते तारीख-वेळेसह लिहून ठेवायचं, उद्या तक्रारीवर सही करायची.

२९ जुलै
सही राहिली. नंदाबाईंनी गावातल्या महिपती आबांना बोलावलं. ठाण्यात गेले तर माझीच बदनामी होईल असं सगळ्यांचं मत पडलं. आबा म्हणाले, "प्रेरणा, राखी बांद त्याला. भाऊ झाला की वाकडं बघायचा न्हाई." सणाला अवकाश होता, तरी बांधली. मनातून पटलं नव्हतं. ओवाळणीत त्याने निळा ड्रेस दिला. अगदी माझ्या मापाचा.

३ ऑगस्ट
कामावरून आले तर तो माझ्या खाटेवर. किल्ली नंदाबाईंनीच दिली, भावाला नाही कसं म्हणायचं म्हणून. मी म्हटलं, "बाहेर हो." त्याने माझं डोकं भिंतीवर आपटलं. दोनदा. भुवईला चार टाके. आबा म्हणतात, भावाबहिणीत भांडणं व्हायचीच.

४ ऑगस्ट, सकाळी ११.५०
सही करायला निघाले तर बस गल्लीच्या तोंडाशी आडवी. परत पळाले. ठाण्यातल्या बाईंना फोन केला, निघाल्यात. त्याच दिवशी सही करायला हवी होती मी.

१२.१०
आतून कडी लावलीय. तो अंगणात, हातात बसचा पाना. नंदाबाई आडव्या गेल्या — "भाऊ ना रं तू तिचा?" — पाना डोक्यात घातला त्यांच्या. पुन्हा घातला. आता त्या हलत नाहीत —

१२.१४
वेळ लिहायची. लिहितेय. वरची बिजागरी निघाली. फटीतून हात दिसतोय. राखी अजून आहे मनगटावर, रक्ताने —

१२.१६
हाक मारतोय. आज पहिल्यांदाच ताई म्हण