बायपाससाठी शक्तिप्रदर्शन

१ जानेवारी, बुधवार
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवणार नाही. पंकजाला तर नाहीच, ती बायको असून माझं लिहिलेलं वाचताना हसते.
संकल्प: सकाळी सहाला उठणे. भजी बंद. गिऱ्हाइकावर ओरडायचं नाही. आणि या गावाला ट्रॅफिकमधून सोडवणे.
आज उठायला आठ वाजले. थर्टी फर्स्टचं जागरण होतं. हा दिवस धरायचा नाही.

४ जानेवारी, शनिवार
डोकं उठलं. आमचं हॉटेल मेन रोडच्या ऐन वळणावर, त्यात उसाचा सीझन. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळणावर अडकला की मागे पार शाळेपर्यंत लाईन. हॉर्न, धूळ, आयमाय. गाड्यांतले लोक वैतागून खाली उतरतात आणि आमच्याकडे येऊन बसतात. दुपारी बारालाच मिसळीचा रस्सा संपला. पंकजाने दुसरा टाकला, तोही संपला. भज्यांची कढई दिवसभर उतरली नाही. असल्या गोंधळात माणसाने धंदा करायचा तरी कसा? या ट्रॅफिकने आमचं वाटोळं केलं.
पंकजाला तसं म्हणालो. ती म्हणाली, आधी सिलिंडरला फोन लावा.

९ जानेवारी
आतल्या गोटातली बातमी. बायपास होणार! देवळाली प्रवराकडून येणारी वाहनं गावात न शिरता बाहेरून नगरकडे काढणार. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं.) वैजनाथ सांगत होता. वैजनाथ म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त, उसाचा ट्रॅक्टर चालवतो. त्याचा साडू नगरला एका ऑफिसात शिपाई आहे. म्हणजे बातमी थेट वरून.
आणि रस्ता कुठून? पाटापलीकडून! म्हणजे माझ्या माळावरून! जिथे आजवर कुसळाशिवाय काही उगवलं नाही तिथे माझं फॅमिली गार्डन. संध्याकाळी जागा पाहून आलो. इकडे पार्किंग, इकडे झोपाळे, मध्ये कारंजं. नाव, ‘हॉटेल बायपास गार्डन’. नागापूर एमआयडीसीतले साहेब लोक रविवारी फॅमिली घेऊन येतील.
पंकजा म्हणाली, तिथं प्यायला पानी न्हाई आन् कारंजं कशाचं उडवताय?
व्हिजन शिकवून येत नाही.

१८ जानेवारी, शनिवार
पुण्याच्या कन्सल्टंट कंपनीच्या सुकन्या मॅडम आल्या. वयाने लहान, पण इंजिनिअर. बायपास करायचा की नाही आणि केला तर कुठून, ते त्यांच्या रिपोर्टवर ठरणार. चहा दिला, वर भजी. गुरुवारपासून आठवडाभर आमच्या वळणावर माणसं बसवून गाड्या मोजणार आहेत. ड्रायव्हरलाही थांबवून काहीबाही विचारणार.
मी आडपडदा न ठेवता विचारलं, मंजुरीला गाड्या किती लागतात? म्हणाल्या, तसं नसतं हो, कुठली गाडी कुठून कुठे जाते तेही बघावं लागतं. हे झालं ऑफिशियल बोलणं. उघड बोलता येत नाही बिचारीला. इशारा मला कळला. गाड्या जास्त, तर बायपास पक्का.

१९ जानेवारी, रविवार
दुपारी हॉटेलात मीटिंग. मी भाषण केलं, बरं झालं. म्हणालो, आपल्या जिल्ह्यात काय मागायचं तर कसं मागतात? उसाला दर पाहिजे, ट्रॅक्टर काढा. निवडणुकीचं तिकीट पाहिजे, ट्रॅक्टर काढा. नुसता अर्ज दिला तर साहेब मान वर करत नाही. गाड्यांची रांग दिसली की खुर्चीवरून उठून बाहेर येतो. मग बायपास काय असाच मिळेल? गावातलं एकूण एक वाहन आठवडाभर या वळणावरून फिरलं पाहिजे! चहा-भजी आपल्याकडून.
टाळ्या. वैजनाथ तर टेबलावर चढला.
शेजारच्या केशरबाईही आल्या होत्या. आमच्या भिंतीला लागून त्यांचं बांगड्यांचं दुकान. दोन बायका आत गेल्या की तिसरीने पायरीवर थांबायचं, एवढंसं. पण स्वतःचं. नवरा गेल्यापासून त्याच्यावरच घर चालवलं. म्हणाल्या, धूळ पुसून पुसून माजं हात गेलं, भाऊ. ह्यो बायपास झाला तर लई बरं हुईल. मी भाच्याला स्कूटी घेऊन बोलावते.
डोळे भरून आले. माझे.
पंकजाने एवढंच विचारलं, भजी कोन तळनार?

२३ जानेवारी, गुरुवार
वा! वा! वा!
मोजणीची माणसं वळणावर छत्री लावून बसली आणि आमची रांग सुरू झाली. पुढे वैजनाथ, मागे अख्खं गाव. ट्रॅक्टर, टेम्पो, पिकअप, बुलेट, दुधाच्या गाड्या. वेशीपासून पेट्रोल पंप, पंपाला वळसा, परत वेस. कुणीतरी गुलाल आणला होता. मी ओरडलो, अरे मोजणी आहे, मिरवणूक नाही! तरी थोडा उधळलाच. केशरबाई दुकान बंद ठेवून भाच्याच्या मागे पदर खोचून बसल्या होत्या. वळणावर आल्या की मला हात करायच्या. मोजणीवाल्याची बोटं दुखायला आली असणार.
एकच प्रॉब्लेम. जाम एवढा झाला की बाहेरगावचे ट्रकवाले कंटाळून पाटाच्या कच्च्या रस्त्याने परस्पर निघून गेले. बरंच झालं म्हणा. आपल्या गाड्यांना रोड मोकळा मिळाला.

२५ जानेवारी
आज मोजणीची माणसं पोलीस मदतीला घेऊन गाड्या थांबवत होती. कुठून आलात, कुठे चाललात, कशासाठी. निव्वळ फॉर्मॅलिटी. मी लोकांना बजावलंच होतं, सरकारी माणसाशी खोटं बोलायचं नाही, गावाची इज्जत आहे. वैजनाथला थांबवलं तेव्हा मी शेजारीच उभा. तो म्हणाला, घरनं आलो. कुठं म्हंजे? ह्या रविराजकडं भजी खायाला. मंग काय, मंग घरी. पुन्यांदा यायचंच हाय. लिहिणारा माणूस गालात हसला. आमच्याकडचा साधेपणा शहरातल्या माणसाला भावतो.
पंकजाच्या हातावर तेल उडालं. म्हणाली, रोजची गिऱ्हाइकं उभ्या उभ्या परत गेली, फुकट्यांनी टेबलं अडवल्यात. मी समजावलं की मोठ्या कामाला त्याग लागतो. ती म्हणाली, मग बसा आन् कांदा चिरा. मला मॅडमना भेटायला जायचं होतं.
भजी खाल्ली. पण ती टेस्टिंगसाठी.

२९ जानेवारी, बुधवार
मोजणी संपली. मॅडम निरोप घ्यायला आल्या. म्हणाल्या, एवढं लोकल ट्रॅफिक मी आजवर एकाही गावात पाहिलं नाही. अगदी याच शब्दांत! मी हात जोडून म्हणालो, सगळी लोकांची कृपा.
झालं. बायपास खिशात.

१६ फेब्रुवारी
रिपोर्ट नाही. मॅडम फोन उचलत नाहीत. रिपोर्ट मोठा असणार, एवढ्या गाड्या लिहायच्या म्हणजे.
पंकजाची भुणभुण. ओट्याची फरशी निघालीय, पत्रा गळतोय. मी म्हणालो, जे हॉटेल वर्षभरात सोडायचं त्याला पत्रा कशाला? तिने भावाला बोलावून फरशी बसवून घेतली. नवीन फरशीवर मला पाय ठेवू देत नव्हती, ओली आहे म्हणून. हट्टी बाई. एक दिवस कारंज्याजवळ बसून स्वतःच हसेल.

३० मार्च, पाडवा
माळावर नारळ फोडला, फ्लेक्स लावला. ‘लवकरच आपल्या सेवेत’. संध्याकाळी वारा सुटला. फ्लेक्स कुणाच्या तरी गोठ्यावर जाऊन पडला म्हणे. जाहिरात झाली.

६ मे, मंगळवार
आज लिहायचं नव्हतं, तरी लिहितो.
ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सभा. मी पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट. सुकन्या मॅडमनी पडद्यावर नकाशा दाखवला. पाटापलीकडची रेघ दिसली, माझ्या माळावरूनच होती, लाल, सुंदर. मी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं.
मग त्यांनी भाकरीएवढा एक गोल दाखवला. चतकोरातलाही तुकडा काढावा तेवढा भाग सोडला तर बाकी सगळी भाकरी पिवळी. पिवळं म्हणजे काय, तर गावातून निघून गावातच थांबणारी वाहनं. म्हणाल्या, लोकांनी स्वतःच तसं सांगितलंय. या गाड्या बायपासने जाणारच नाहीत, त्यांना गावातच यायचंय. मग एवढी जमीन घेऊन बायपास कुणासाठी करायचा? सबब बायपासची शिफारस नाही. त्याऐवजी गावातला रस्ता दोन्ही बाजूंनी रुंद करावा.
मी उठून म्हणालो, आकडे चुकीचे आहेत. मॅडमनी विचारलं, कुठला आकडा? मी म्हणालो, एकंदरीतच. त्यांनी व्हिडिओ लावला. वैजनाथ, वैजनाथ, पुन्हा वैजनाथ. हॉलमध्ये शिट्ट्या. वैजनाथने उभं राहून सगळ्यांना नमस्कार केला. एकालाही कळलं नाही काय झालं ते.
म्हणजे त्या दिवशी त्या मला इशारा देत नव्हत्या. मग नीट समजावून सांगायचं ना! शिकलेल्या माणसांचं हेच चुकतं.

१२ जून, गुरुवार
रुंद रस्ता कुठवर येणार त्याची रेघ मारायला मोजणीदार लाल रंगाचा डबा घेऊन आले. आमच्या हॉटेलात रेघ ओटा आणि टेबलं ओलांडून थेट स्वयंपाकघराच्या दाराशी पडली. म्हणजे बसायची जागा सगळी गेली, फक्त कढई राहिली. पंकजा त्या रेघेकडे बघत होती. म्हणाली, मी खिडकीतनं विकीन. चार टेबलं पुसायची कमी.
केशरबाईंच्या दुकानात रेघ मारायचीच वेळ आली नाही. अख्खं दुकान रेघेच्या अलीकडे, रस्त्यात. त्यांनी मोजणीदाराला विचारलं, माजं किती ऱ्हातंय? तो म्हणाला, मागची भिंत, मावशी.
मी त्या वेळी आत होतो. काहीतरी काम होतं.

३ जुलै, गुरुवार
रुंदीकरण विरोधी कृती समिती. अध्यक्ष मी. नको नको म्हणत होतो, पण केशरबाईंनीच नाव सुचवलं. म्हणाल्या, भाऊंची वर वळख हाय, त्या मॅडम त्यांच्याकडं च्या प्यायच्या. 
वैजनाथ लगेच उठला. म्हणाला, काडायचे का ट्रॅक्टर? सगळे तयार. मी एवढ्या जोरात नाही म्हणालो की चहा सांडला. मग म्हणालो, या वेळी निवेदन देऊ. लोक नाराज झाले. वैजनाथ म्हणाला, रविराज, तू ढिला पडलास गड्या.
मॅडमचा फोन लागला. म्हणाल्या, रिपोर्ट बदलायचा असेल तर त्या आठवड्यात गाड्या मुद्दाम फिरवल्या होत्या असं फिरवणाऱ्याने सहीनिशी लेखी द्यावं, मग मोजणी पुन्हा करता येईल. महिन्याअखेरची मुदत आहे. मी म्हणालो, कुणी फिरवल्या याची चौकशी करतो.
संकल्प: उद्या लेखी देणे.

४ जुलै
आज आषाढातला शुक्रवार. चांगलं काम अशा दिवशी नको.

१४ जुलै
मजकूर तयार. ‘मी खाली सही करणार’ इथपर्यंत. पुढे भाषा जमत नाही. सरकारी भाषा अवघड असते. शिवाय सही केली तर गावात काय तोंड दाखवायचं? लोक म्हणतील, ह्याच्यामुळे. खरं तर ह्याच्यामुळे असं नाही, ते सगळ्यांनी मिळून केलं. पण लोकांना बारकावे कळत नाहीत.

३१ जुलै, गुरुवार
आज मुदत होती. नगरच्या गाडीत बसलो, राहुरीला उतरलो. परत आलो. पंकजाने विचारलं, दिलं का? मी म्हणालो, साहेब नव्हते. ती म्हणाली, तुमी तरी हुतात का?

१८ ऑगस्ट, सोमवार
केशरबाईंनी आज दुकान रिकामं केलं. बांगड्या कागदात गुंडाळून खोक्यांत भरत होत्या. पंकजा सकाळपासून त्यांच्या मदतीला. मीही गेलो, दोन खोकी उचलली.
उद्यापासून कुठे बसणार ते विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. पाटी डोक्यावर घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरणार, लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबरोबर फिरायच्या तशा. गुडघे दुखतात, पण बघू म्हणाल्या.
मग थांबल्या आणि म्हणाल्या, भाऊ, एक विचारू का? त्या वक्ताला आपल्या चकरा कमी पडल्या का? माजा भाचा शेवटच्या दिशी आला न्हवता, त्याची परीक्षा हुती. ते मनाला लागून ऱ्हायलंय. त्यानं अजून मारल्या असत्या तर झाला असता का बायपास?
पंकजा हातातलं खोकं तसंच धरून माझ्याकडे बघत होती.
एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. सांगून टाकावं असं वाटलं. तोंड उघडलं.
म्हणालो, हां, थोडक्यात राहिला.
त्या म्हणाल्या, तेच म्हनते मी. आणि बांगड्या गुंडाळायला लागल्या.