उमरखेडला गेलेली पिशवी

बाभुळगाव,
५ सप्टेंबर २००६

ती. उर्वशीताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

मी बरा आहे. तू आणि माय बऱ्या असाल असं धरून चालतो, कारण वाईट बातमी तू लगेच कळवतेस आणि चांगली दाबून ठेवतेस. पहिले हे सांगतो की बियाण्याच्या जीपवरचं काम सोडलं. दिवसभर भोंग्यावर ओरडायचं आणि कागदं वाटायची. कागदावर कापसाचं बोंड एवढं मोठं की नारळ वाटावा. चौथ्या दिवशी एका म्हातारीनं मले तिच्या वावरात नेलं, लाल पडलेली पानं दाखवली आणि विचारलं की बापू, हे तुझ्या कागदावर कुठी आहे. मी तिथंच उतरलो. जीप पुढं गेली.

आता मुद्दा. स्टँडवर एक माकड आहे, ते फक्त लिंबू-सरबतवाल्याचंच सामान पळवते, पण ते नंतर. शनिवारी बाजाराचा दिवस. उमरखेडची गाडी लागली आणि माणसं खिडक्यांले लोंबकळली. मी पाह्यलं तर खांबाजवळ एक आंधळा माणूस उभा. हातात पांढरी काठी, खांद्यावर खाकी पिशवी. मले वाटलं, या गर्दीत याले जागा कोण देईल? आता खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, तुले माहीत आहे. पण रुमाल नव्हता. म्हणून मी त्याच्या खांद्यावरची पिशवीच उतरवली, काका चिंता करू नका असं म्हटलं, आणि टाकली खिडकीतून. बरोबर तिसऱ्या सीटवर पडली. मग त्याले दंडाले धरून दाराकडं ओढत नेलं. तो ओरडत होता. मले वाटलं घाबरला. लोकंही चांगले, सूरदासले जागा द्या म्हणत दोघा-तिघांनी त्याले वर खेचला. तो दांडी धरून उलटा खाली उतरला, तोवर कंडक्टरनं डबल बेल मारली, गाडी गेली.

ताई, त्या माणसाले कुठीच जायचं नव्हतं. त्याचं दुकानच स्टँडच्या भिंतीले लागून आहे. जफरभाई त्याचं नाव, फवारणीचे पंप दुरुस्त करतो. चहाची वाट पाहत उभा होता. पिशवीत त्याची सगळी हत्यारं. कापसावर तुडतुडे पडलेले आणि दुकानासमोर अकरा पंप रांगेत. अकराही पंपांचे मालक माझ्याकडं पाहत होते. जफरभाईनं मले शिव्या दिल्या नाहीत. त्यानं फक्त विचारलं की भाऊ, तू मले एकदा तरी विचारलं का?

आज दुसऱ्या कंडक्टरच्या हाती निरोप आला. त्या गाडीचे कंडक्टर देवराव यांनी पिशवी उमरखेडले आपल्या घरी सांभाळून ठेवली आहे. पण ते बारा तारखेपर्यंत बाहेरगावी, आणि मालकानंच येऊन न्यावी असं म्हणतात. तोवर मी जफरभाईच्या दुकानात पाणी भरतो, झाडतो, पंप धुतो. अठराले तुले यवतमाळले न्यायचं आहे, ते पक्कं ध्यानात आहे. मायले जयभीम. माझ्यावर रागव, पण माया आटू देऊ नको.

तुझाच,
संघर्ष


झरी,
९ सप्टेंबर २००६

चि. संघर्षास,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

तुझे पत्र मिळाले. मजकूर लगेच समजला, अक्षर समजायला दोन दिवस लागले. आईला वाचून दाखवले. ती आधी खूप हसली, मग म्हणाली की त्या माणसाच्या घरी चूल कशावर पेटत असेल, ते विचार. तेव्हा विचारून कळव.

मी हसले नाही. रागावले म्हणून नव्हे. तुला एक गोष्ट सांगितलेली नाही, ती आता सांगते. दोन वर्षांपूर्वी पांढरकवड्याला तू मला घ्यायला येणार होतास. तू आला नाहीस. कुठेतरी कुस्त्या चालल्या होत्या असे नंतर म्हणालास. मी झरीच्या गाडीत माझी मी चढत होते. मला वेळ लागतो, पण जमते. आधी उजवा पाय, मग दांडी, मग कुबडी वर. मागून दोन भल्या माणसांनी काखेत हात घालून मला उचलले आणि गाडीत ठेवले, पोते ठेवतात तसे. कुबडी खालीच राहिली. मी सांगत होते, ते मला घाबरू नका म्हणत होते. गाडी सुटली. झरीला उतरल्यावर स्टँडपासून घरापर्यंत मी एका पायावर, भिंती आणि कुंपणे धरत आले. हाताला ओरखडे आले ते सरपणाच्या पऱ्हाटीचे नव्हते, आईला तसे सांगितले एवढेच. त्यानंतर एकटी गाडीत बसलेले नाही. आता कळले ना, मी काहून कुठे जात नाही ते.

अठराला, सोमवारी, अकरा वाजता मुलाखत आहे. मुलींच्या वसतिगृहात शिलाई शिकवायची जागा. पोलिओच्या पायाची बाई मशीन कशी चालवणार असे विचारतील, त्याचे उत्तर तयार आहे. त्या खोलीपर्यंत पोचायचे मात्र तयार नाही. तू रविवारी ये. नाही आलास तर मी जाणार नाही आणि तुला दोषही देणार नाही, फक्त पुन्हा कशाला सांगणार नाही.

जेवणाचे हाल करू नकोस. आठवण ठेवतोस ती पायांतही ठेव.

तुझी ताई,
उर्वशी


उमरखेड,
१३ सप्टेंबर २००६

ती. ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र निघता निघता मिळालं. गाडीत दोनदा वाचलं. कुस्त्याही नव्हत्या ताई. एक माणूस दातानं ट्रॅक्टर ओढणार होता, त्यानं तोही ओढला नाही. यापेक्षा जास्त मले लिहिता येत नाही.

मायचा प्रश्न विचारला. शबानाभाभी, म्हणजे जफरभाईची बायको, बांगड्या विकते, त्यावर हे दहा दिवस निघाले. मले रोज भाकर देत होती, वरून टोमणाही. म्हणे, हात धुतले का, नाहीतर ताटही उमरखेडले जाईल.

काल दोघं इकडं आलो. चढताना मी विचारलं, काय करू? त्यानं सांगितलं की पुढं चाल, मी तुझ्या खांद्यावर हात ठेवतो, ओढू नको आणि बोलत राहा. बोलण्याचं काम मले जमते. वाटेत लोकांची गंमत पाह्यली. चहावाला मले विचारतो, यांच्या चहात साखर किती? जणू जफरभाईची जीभ माझ्याजवळ ठेवायले दिलेली. पुसदले एका बाईनं जाता जाता त्याच्या हातात एक रुपया ठेवला. त्यानं तिले थांबवलं, खिशातून पंपाचं रबरी वायसर काढून तिच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं की बाई, एका रुपयात हेच येते. ती वायसर घेऊन उतरली. बिचारीनं कुठी ठेवलं असेल!

नजर कशानं गेली ते मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तो म्हणे, तुझं लग्न कायनं राह्यलं ते मी विचारलं का?

देवरावजी माणूस सज्जन. घरी बसवलं, पोहे केले. पण बोलणं सगळं माझ्याशी. यांचं नाव काय, मी सांगितलं. हे तिखट खातात का, मी सांगितलं. मग मले तुझं पत्र आठवलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं की पिशवी यांचीच कशावरून, तेव्हा मी पंख्याकडं पाहत बसलो. पंखाही बंद होता. घाम फुटला मले. शेवटी देवरावजींनी घसा साफ केला आणि जफरभाईलेच विचारलं. त्यानं एकेक कप्पा सांगितला. कोणत्या कप्प्यात कोणता पाना, कोणत्या पान्याले खाच, कोणती तोटी किती छिद्रांची. देवरावजी एकेक काढून पाहत गेले आणि त्यांचा आवाज हळूहळू बदलला, पाव्हण्याशी बोलतात तसा झाला.

पोचपावतीवर मात्र त्यांनी पेन माझ्याकडं केला. मागं एकदा चुकीच्या माणसाले सामान दिलं होतं, म्हणून सही पाहिजेच, म्हणे. मी पेन जफरभाईच्या हातात दिला आणि कागदाची कडा त्याच्या बोटाले लावली. त्यानं उर्दूत सही केली, तीन ओळींवरून तिरपी. देवरावजींनी विचारलं, काय लिहिलं? तो म्हणे, जफर मिस्त्री, पिशवी मिळाली, माणूसही मिळाला पण तो बहिणीले परत करायचा आहे.

आज बाभुळगावले जाऊन पंप मोकळे करू. मी रविवारी दिवस मावळायच्या आत झरीले येतो. ट्रॅक्टरकडं पाहणार नाही. मायले जयभीम. भरोसा शिल्लक असेल तर थोडा राहू दे.

तुझा,
संघर्ष


झरी,
१९ सप्टेंबर २००६

चि. संघर्षास,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

तुझे पत्र शनिवारी मिळाले. रविवारी शेवटच्या गाडीपर्यंत आई दारात उभी होती. तू आला नाहीस. गाडीचे टायर फुटले की तुझे लक्ष भरकटले, ते विचारत नाही. आई म्हणाली, राहू दे, पुढच्या वर्षी जागा निघतील. मीही राहू दे म्हणाले आणि झोपले. पहाटे मात्र त्या तिरप्या सहीचा विचार मनातून जाईना. सहा वाजता स्टँडवर गेले. आई मागून रागावत आली आणि शिदोरी देऊन गेली.

झरीची गाडी रिकामी होती. खरी भीती पांढरकवड्याची, गाडी बदलायची. तिथे तीच गर्दी, तीच जागा. माझ्या शेजारी तुझ्याच वयाचा, तुझ्यासारखाच उतावळा एक मुलगा उभा होता. यवतमाळची गाडी लागताच त्याने काही न विचारता माझ्या कुबडीला हात घातला, खिडकीतून टाकून जागा धरायला. मी कुबडी सोडली नाही. एवढ्या मोठ्याने बोलले की सगळा फलाट माझ्याकडे वळला. त्याला सांगितले की कुबडी राहू दे, रुमाल टाक, आणि दारात मागच्यांना थोपवून धर, मला चढायला वेळ लागतो. त्याच्याजवळही रुमाल नव्हता. त्याने डोक्यावरची टोपी टाकली. मी चढले. आधी उजवा पाय, मग दांडी, मग कुबडी. कोणी हात लावला नाही. एक जण उशीर होतो म्हणून कुरकुरला, त्यालाही थांबावे लागले.

मुलाखतीत पायाचेच विचारले. मी मशीन मागून घेतली आणि एका पायाने बाही शिवून दिली. निकाल पंधरा दिवसांनी आहे. लागो वा न लागो, पुढच्या जागेला मी जाणार आहे.

आता तुझे. परतताना यवतमाळच्या स्टँडवर तू मोसंबीच्या हातगाडीमागे उभा होतास. धापा टाकत होतास, शर्टाला ऑइल लागले होते, म्हणजे टायर खरेच फुटले असावे. मी गाडीत चढेपर्यंत तू जागचा हलला नाहीस. एकदा पाऊल उचललेस आणि परत ठेवलेस. मला सगळे दिसले. म्हणूनच हाक मारली नाही.

पण बाबा, विचारायचे शिकलास याचा अर्थ लपून बसायचे असा नाही. पुढच्या वेळी समोर ये, काय हवे ते विचार, आणि चहा पाज. साखर किती ते मी स्वतः सांगेन.

जफरभाई व शबानाभाभींना माझा नमस्कार सांग. सोबत दोन रुमाल शिवून पाठवत आहे, एक तुला, एक त्यांच्या दुकानात ठेवायला. पुढच्या खिडकीला उपयोगी पडतील.

तुझी ताई,
उर्वशी