धुण्याच्या दगडाखाली

४ एप्रिल, शनिवार

केसरबाईंची मोटर मी पकडली. मीच!

पाइपाला हात लावला की कळतं. नुसतं पाणी येत असेल तर पाइप गार लागतो. मोटर लावली असेल तर बारीक थरथरतो, झोपलेल्या मांजराच्या पोटासारखा. गल्लीच्या शेवटच्या घराशी हात लावला — थरथर. दार वाजवलं. केसरबाई पदराला हात पुसत आल्या.

"मावशी, समितीत ठरलंय ना?"

"ठरलंय व्हय. पण पाण्याला कुठं ठावं हाय, काय ठरलंय!"

त्यांची सून रूपाली फस्सकन हसली. मी नाही हसले.

ठरलंय ते असं (लिहून ठेवते, नाहीतर मनाला शंका राहते). पाणी आठव्या दिवशी येतं, सकाळी तासभर. मोटर कुणीच लावायची नाही. आणि पहिला अर्धा तास गल्लीच्या तोंडाकडच्या आठ घरांनी नळ बंद ठेवायचा, म्हणजे शेवटच्या घरापर्यंत पोचेल. आमचं घर तोंडापासून दुसरं. देखरेखीला मी. समिती चालवणाऱ्या सोमनाथकाकांनी माझं नाव सुचवलं — "मोनालीइतकी काटेकोर पोरगी गारखेड्यात दुसरी नाही" — आणि सगळ्यांचे हात वर! त्या दिवशी घरी येऊन मी आरशात बघितलं होतं. लिहायलाही लाज वाटते.

मोटर सोमनाथकाकांकडे जमा. पावसाळा झाल्यावर परत.

नाना म्हणाले, "शाब्बास. शेवटी माझी विद्यार्थिनी." दम्यामुळं चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही, नानांनीच, म्हणजे वडिलांनीच, घरी शिकवलं. शुद्धलेखनात एक चूक लपवली की सगळं पान पुन्हा.

५ एप्रिल

देखरेखीच्या वहीत केसरबाईंच्या नावापुढं "मोटर" लिहिलंय. शब्द फार मोठा दिसतो. खोडून बारीक लिहिला. मग खोडाखोडीची लाज वाटली. खाली लिहिलं — "खोडले, मोनाली."

१२ एप्रिल, रविवार

पाण्याचा दिवस. सगळ्यांनी नियम पाळला. एकेका पाइपाला हात लावत गेले, सगळे गार. आठही नळ बंद, आमचासुद्धा — तो तर मी स्वतः दोनदा बघितला.

आणि केसरबाईंचा नळ नुसता खोकला. हवा, हवा, मग ओंजळभर गढूळ पाणी. बस.

मोटर नाही, नियम आहे, मग पाणी गेलं कुठं? सोमनाथकाका म्हणाले, "पाइपच जुना. सुधारणा एका दिवसात होत नसते, पोरी."

दुपारी रूपाली दोन हंडे घेऊन आली. आईनं आमच्या हौदातून भरून दिले. केसरबाई दारातच थांबल्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्या हौदावर देवाची लई किरपा."

मी म्हणाले, "आम्ही जपून वापरतो, मावशी."

मी असं म्हणाले!

१३ एप्रिल

नाना कालच एका लग्नाला फर्दापूरला गेलेत, परवा येतील. मोरी तुंबली. आई म्हणाली, राहू दे, नाना आल्यावर बघतील. पण पाणी तुंबलेलं मला बघवत नाही. धुण्याचा दगड सरकवायला घेतला.

"तो नको हलवू. अगं नको म्हणते ना!"

हलवला. खाली दुसरा पाइप. जाड, काळा, आणि त्याला पितळी कॉक, उघडाच. पाइप भिंतीखालून सरळ हौदाकडे.

काल आमचा नळ बंद असतानाच हौद काठोकाठ भरला होता. मी तो भरलेला हौद बघितला होता. बघूनही मला काही सुचलं नव्हतं!

आई दगडाशेजारीच बसली. म्हणाली, हे दुसरं कनेक्शन तुझ्यासाठी घेतलं. तू सहा वर्षांची. रात्रंदिवस वाफ द्यायची, चादरी रोज धुवायच्या, आणि घरात थेंब नाही. नाना रडले होते त्या दिवशी. मग घेतलं.

"आता मला दमा नाही, आई."

"हो. पण मग कॉक कोण बंद करणार?"

दगड परत ठेवला. मीच ठेवला.

१४ एप्रिल

आज जयंती. केसरबाईंच्या दारावर निळे झेंडे, रूपाली पांढऱ्या साडीत. सकाळी स्वतः वाटी घेऊन आली. "खीर. गरमच खा."

आमच्या हौदातल्या पाण्यावर शिजलेली. म्हणजे त्यांच्याच.

खाल्ली. न खाणं त्याहून वाईट झालं असतं. का मी असं स्वतःला सांगतेय, कोण जाणे. वाटी घासून ठेवलीय, परत द्यायला पाय निघत नाही.

१५ एप्रिल

नाना आले. बॅगसुद्धा खाली ठेवू दिली नाही, विचारलं.

ते चिडले नाहीत. शिकवताना समजावायचे तसं समजावलं. "नियम काय आहे? मोटर लावायची नाही. आपण लावली? नाही. अर्धा तास नळ बंद ठेवायचा. आपण ठेवतो? ठेवतो. मग?"

"नाना, हे तुम्हीच मला शिकवलंत तसं नाही."

"मी तुला पाचवीच्या लायक केलं. पुढचं जगानं शिकवायचं होतं." मग हळूच म्हणाले, "मोना, गल्लीत काय तोंड दाखवू?"

ते मी आधीच विचारायला हवं होतं — मी काय तोंड दाखवू? माझ्या मनात तेच आलं. त्यांचा राग आला नाही, एवढंच वाटलं की कुणाला कळू नये. आणि केसरबाईंची मोटर मात्र मी भर गल्लीत उचलून नेली होती.

२० एप्रिल, सोमवार

पहाटेच उठले होते. कॉक गुपचूप बंद करायचा, बस. मोरीत गेले तर नाना दगडावर बसून पेपर वाचत होते. मोरीत! अंधारात! पेपर उलटा नव्हता, एवढंच.

मी तशीच परत फिरले.

पाणी आलं. वही घेऊन निघाले. पाइपांना हात लावत गेले. आमच्या पाइपालाही लावला, लोकांसमोर. गार. वहीत लिहिलं — "ठीक".

केसरबाईंचा नळ खोकला.

२१ एप्रिल

"ठीक" खोडलं नाही. खोडलं तर सही करावी लागेल.

२२ एप्रिल

सोमनाथकाकांच्या गच्चीवर समितीची बैठक. उठले. सगळं सांगितलं — दगड, कॉक, सोमवारचं "ठीक". नाना पहिल्याच ओळीत. सतरंजीचा दोरा उपसत होते.

मला वाटलं होतं ओरडतील. कुणी तरी थू म्हणेल. माझी तयारी होती!

एक जण मोबाइल बघत होता. एक बाई पायातली जोडवी फिरवत होती. सोमनाथकाका म्हणाले, "बरं, बरं. लहान आहे, मनाला लावून घेते. चहा घ्या सगळ्यांनी. पुढचा विषय, कोपऱ्यावरचा दिवा."

फक्त केसरबाई माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. जणू काही नवीनच ऐकलं.

नानांनी चहा घेतला नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

आज दगडावर कुणी नव्हतं. नाना पुढच्या खोलीत, पाठ करून बसलेले. कॉक बंद केला. हात दुखेपर्यंत आवळला. मग केसरबाईंची वाटी घेतली आणि त्यांच्या नळापाशी जाऊन उभी राहिले. खोकला, खोकला, मग करंगळीएवढी धार. अर्धा हंडा भरला.

मी म्हणाले, "मावशी, अजून कुठं मुरतंय?"

"नऊ घरांत दुसरं कनेक्शन हाय. समदे चर आमच्या मालकानंच खोदले, देव त्येंचं भलं करो. म्हणून तर तुहं नाव घेतलं सोमनाथरावांनी. जिच्या घरात हाय ती दुसऱ्याच्या मोरीत कामून वाकंल?" मग थांबून म्हणाल्या, "पर तुला ठावं नव्हतं, व्हय? मला वाटलं, समदं ठावं असून मही मोटर नेली."

म्हणजे खीर पाठवली तेव्हाही त्यांना तसंच वाटत होतं.