उलटा हात

नाशिक,
१२ जानेवारी १९८४

प्रिय मल्हारी,

सकाळपासून कानात एकच आवाज आहे. पत्र्याच्या कंपासपेटीवर वाजणाऱ्या तुझ्या बोटांचा. गुरुजी मला कविता म्हणायला उभं करायचे आणि मागच्या बाकावरून तू बोटं उलटी करून, नखांनी हळूच ताल धरायचास. तू शाळेला आला नाहीस की माझी कविता दुसऱ्या कडव्यात पडायची. नदी, चांदणं, पाखरं, सगळी कुठल्या कुठे उडून जायची. त्या कविता अजून पाठ आहेत रे. म्हणायला बसलो की घर दुपारीसुद्धा सुनं वाटत नाही.

लता पोरी, हे पत्र बाबांना तूच वाचून दाखवणार, म्हणून तुला आधी सांगतो. गेणू घरात असेल तर घडी घालून ठेव. तो गेला की वाच.

मल्हारी, मागच्या महिन्यात नागली आणायला हरसूलच्या बाजाराला गेलो होतो. पलीकडच्या आश्रमशाळेच्या फाटकावर नवी पाटी दिसली. सरकारी काम घेणाऱ्याने कोणाच्या लायसनवर काम चाललंय आणि देखरेख कोणाची, हे उघड लिहून लावायचं, असा नियम आहे म्हणे. वर ठेकेदार म्हणून तुझ्या पुतण्याचं, गेणूचं नाव. खाली, वीजकामाचा सुपरवायझर म्हणून तुझं. पिवळ्यावर निळी अक्षरं, अगदी वळणदार. मला इतकं भरून आलं की ती ओळ मी कवितेसारखी मोठ्याने म्हटली. फाटकाशी तांदूळ निवडत बसलेली बाई हसायला लागली. ‘तुमचा कोन लागतो?’ म्हणाली. दोस्त, म्हटलं. तिथली स्वयंपाकीण ती, नवसाबाई. उठून तिने मला तांब्याभर पाणी आणून दिलं.

परतीच्या गाडीत डोक्यात आलं, की मल्हारीला तर दिसत नाही. काचबिंदूने डोळे गेल्यापासून तू येवल्याला लेकीच्या ओट्यावरून हलला नाहीस. हरसूलचा घाट कधी चढलास? मग स्वतःची समजूत घातली, की असंच चालतं. लायसन एकाचं, काम दुसऱ्याचं. दिवाळीला गेणू तुला धोतरजोडी आणतो, पायावर डोकं ठेवतो, आणि गेलेल्या भावाची आठवण येऊन तू त्याला कशालाच नाही म्हणत नाहीस.

नवसाबाई गेली, मल्हारी. सोमवारी सकाळी पाण्याची मोटर चालू करायला गेली आणि चिकटली. पोरं ओरडत राहिली. कोणीतरी बांबू आणेपर्यंत सगळं संपलं होतं. अर्थिंगची तार भिंतीवरून खाली आणून नुसती मातीत खुपसली होती. खड्डा नाही, कोळसा नाही, वीज जमिनीत मुरवणारं मीठ नाही. तू तर घरचं मीठ पिशवीत घालून साइटवर न्यायचास आणि वहिनी स्वयंपाकाला मीठ शोधत बसायच्या. शिवाय कुठल्याही मोटरला तू आधी उलटा हात लावायचास. तळहात लावला तर मूठ आवळते आणि मग ती सुटत नाही, असं सांगायचास. नवसाबाईला हे कोणी सांगितलं असेल?

काल गेणू माझ्याकडे आला होता. चौकशी लागली आहे, आणि पाटीवर नाव तुझं. माझं अक्षर चांगलं म्हणून तुझा जबाब मी लिहून द्यावा, असं त्याचं म्हणणं. मी स्वतः हजर होतो, अर्थिंग तपासून घेतलं होतं, असा. खाली तू सही करायची. ‘काका, तात्यांच्या वयाकडं बघून सायेब सोडून देतील. आंधळ्या म्हाताऱ्याला कोन आत टाकतंय? माझी पोरं मात्र लहान हायेत.’ मी चष्मा सापडत नाही म्हणालो. चष्मा नाकावरच होता. तो बघत राहिला आणि दुसरा कोणी लिहील म्हणून निघून गेला. रविवारी तो येवल्याला येणार आहे. म्हणून हे पत्र. त्या कागदावर सही करू नकोस. गेणू रडेल, भावाची शपथ घालेल. तरी करू नकोस. तू तिथे नव्हतास, एवढंच सांग. पुतण्या तुटला तर तुटू दे. या वयात तू तुरुंगात गेलास तर

वाक्य अर्धंच राहिलं, कारण कडी वाजली. दार उघडलं तर तू. एकटा. एसटीच्या कंडक्टरने गल्लीच्या तोंडाशी आणून सोडलं म्हणालास. बातमी लताने पेपरातून वाचून दाखवली, आणि ती बाजाराला गेल्यावर तू निघालास. अंगात कामावरचा जुना खाकी कोट. खिसा जड दिसला म्हणून चाचपला, तर मिठाची पुडी. बसायच्या आधीच म्हणालास, ‘चिमा, उद्या मला हरसूलला घेऊन चल. नाव माझं हाय ना तिथं? मग त्या मोटरला एकदा हात लावू दे.’

पत्र आता टाकायला नको. तू आत खाटेवर बसला आहेस आणि खाटेच्या लाकडावर तुझी बोटं वाजत आहेत. कुठला हात लावणार आहेस, उलटा की सुलटा, हे विचारायला माझी जीभ रेटत नाही.

तुझाच,
चिमाजी