बारा सेकंदांचा ढोल

चिटगुप्पा
दि. ११ फेब्रुवारी १९९८

ती. सुनीलअण्णास,
मनीषाचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम असं लिहायची रीत आहे, पण आज ते लिहवत नाही. परवा नौबादला मामाच्या विजयश्रीचं लग्न झालं. पंगत चालू असताना ऑर्केस्ट्रावाले सिनेमाची गाणी वाजवत होते, पोरं नाचत होती. मधेच ढोल सुरू झाला. स्टेजवर ढोल कुठंच नव्हता. एक माणूस पेटीच्या पट्ट्या दाबत उभा होता. अप्पा ताटावरून उठले. म्हणले, ही माझी थाप हाय, बिरोबापुढची हाय.

तोवर अंबुआत्याच्या अंगात आलं होतं. तुला ठाऊकच आहे, जत्रेत आत्या घुमायला लागली की अप्पा वाजवता वाजवता तिच्याकडं एकटक बघतात. ती थकली की थाप हळू करून तिला खाली आणतात. तिथं कोण बघणार? पेटी तेच तेच वाजवत राहिली. पोरांना वाटलं म्हातारी नाचायलीय. त्यांनी शिट्ट्या मारल्या. अप्पा बंद करा, बंद करा म्हणत पळाले, पण त्या आवाजात कुणाला ऐकू जातंय! आत्या स्टेजच्या लोखंडी पायरीवर पडली. खांद्याचं हाड मोडलंय. बिदरला नेऊन पट्टा बांधून आणलं.

येताना बसमध्ये अप्पांनी एकच विचारलं, तुझ्या भावाच्या स्टुडिओत असल्या पेट्या हाएत का गं? अण्णा, दिवाळीला तू माईक लावून अप्पांचा ढोल टेप करून नेलास. खरं काय ते कळव. राग धरू नकोस, माया आहे तशीच असू दे.

तुझी,
मनीषा


हैदराबाद
दि. १८ फेब्रुवारी १९९८

चि. मनीषास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. ते माझंच काम आहे.

आमच्याकडं सँपलर नावाचं यंत्र आहे. पट्ट्या हार्मोनियमसारख्या, पण त्याला स्वतःचा आवाज नाही. आपण जो भरू तो आवाज पट्टी दाबली की निघतो. बंद केलं की ते सगळं विसरतं. म्हणून आवाज फ्लॉपीवर ठेवतात, आणि दर कार्यक्रमाआधी ती आत सारून मिनिटभर करकर ऐकत बसावं लागतं. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढा काळा चौकोन. तिच्यात बारा-पंधरा सेकंदच मावतात. अप्पांनी अर्धा तास वाजवलं होतं. त्यातलं सगळ्यात चढं, जत्रेत आत्या घुमते तिथलं, मी बारा सेकंद कापलं आणि टोकाला टोक जोडलं. पट्टी दाबून ठेवली की ते संपतच नाही.

परमुलखात आठवण म्हणून पाहिजे, असं मी अप्पांना सांगितलं होतं. तेव्हा ते खोटं नव्हतं. पण मालक हणमंतरावांनी ऐकलं, चारचौघांत माझी पाठ थोपटली, आणि मी फुगलो. त्यांच्या सांगण्यावरून चार ऑर्केस्ट्रा पार्ट्यांना चार फ्लॉप्या माझ्या हातानं करून दिल्या. वर अप्पांचं नावही लिहिलं नाही.

त्या चारही परत आणतो. अप्पांना हे पत्र वाचून दाखव. आत्याच्या पायावर माझं डोकं ठेवलंय असं सांग.

तुझा भाऊ,
सुनील


चिटगुप्पा
दि. ४ मार्च १९९८

ती. सुनीलअण्णास सा. नमस्कार.

पत्र अप्पांना वाचून दाखवलं. बारा सेकंद म्हणजे किती, म्हणून त्यांनी विचारलं. मी एक ते बारा मोजून दाखवले. म्हणले, एवढ्यात तर माणूस दम बी घेत न्हाई. मग उठून गेले.

आत्याची हालत बघवत नाही. रस्त्यानं बँड गेला तरी ती कानावर पदर दाबून आत पळते. देव मला सोडून त्या पेटीत जाऊन बसला का, असं मायला विचारते. अप्पांनी ढोल उतरवून कणगीमागं ठेवलाय. अक्का माझ्याच थापेनं पडली, आता हात लावणार न्हाई म्हणतात. जत्रा बावीस तारखेला. पुजारी रेवणसिद्धप्पा दोनदा येऊन गेले, बाहेरून ढोलवाला आणू का म्हणायले. घरात भाकरी उरायलीय.

फ्लॉप्यांचं काय झालं? लवकर लिही. आम्हांला विसरू नकोस.

मनीषा


बसवकल्याण
दि. १६ मार्च १९९८

चि. मनीषास आशीर्वाद.

हे बसस्टँडवर बसून लिहितोय. हणमंतरावांनी मला कामावरून काढलं. बरंच झालं, हिंडायला मोकळा झालो. जहिराबादच्या पार्टीनं फ्लॉपी लगेच दिली. उदगीरवाल्यांनी दोन दिवस फिरवलं, मग दिली. बिदरचा जो माणूस त्या लग्नात वाजवत होता, त्यानं आत्याचं ऐकून कपाळाला हात लावला, आणि न मागता काढून दिली.

चौथी इथल्या शिवशरणकडं. तो मंगल कार्यालयात सामान मांडत होता. तो म्हणाला, अर्धा कार्यक्रम या आवाजावर चालतो, कामून देऊ? मी सगळं सांगितलं. त्यानं माझ्यासमोर फ्लॉपी यंत्रात सारली. करकर सुरू झाली. बंद करायच्या बटणावर झेप घ्यावी असं वाटलं, मनीषा, खरंच वाटलं. पण मी एवढंच म्हणालो, चिटगुप्प्याला चल आणि आत्याला तूच सांग. मग मंगल कार्यालयाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. दुपारभर त्यानं गाणी वाजवली. ढोल एकदाही वाजला नाही. सामान आवरल्यावर फ्लॉपी माझ्या हातात ठेवली. आणि मान खाली घालून म्हणाला की, याची एक नक्कल उमरग्याला दिलीय, तिथून पुढं कुणाकुणाकडं गेली ते त्यालाही ठाऊक नाही.

चारही मी मोडून टाकल्या. काय उपयोग? जत्रेला येत नाही. कुठल्या तोंडानं येऊ?

सुनील


चिटगुप्पा
दि. २४ मार्च १९९८

चि. सुनीलकुमार यास लिंगाप्पाचे आशीर्वाद.

मी सांगायलोय, मनीषा लिहायलीय. तुझं पत्र जत्रेच्या आदल्या दिवशी आलं. नक्कल पुढं गेली हे ऐकून माझं टाळकं फिरलं, पत्र फाडायलो होतो. अक्कानं हातातून घेतलं. मनीषाकडून दोनदा वाचून घेतलं. म्हणली, नोकरी गेली तर पोरगं जेवायलंय कुठं?

मग मला म्हणली, लिंग्या, ढोल काढ. मी न्हाई म्हणलो. ती म्हणली, भ्यालेय मी. तू कामून भ्यालास? तूच भ्यालास तर मला धरंल कोण?

ढोल काढला. देवापुढं पहिली थाप मारली. अक्का समोर बसली, गळ्यात पट्टा, डोळे मिटून. लई वेळ काहीच न्हाई. लोक कुजबुजायले. रेवणसिद्धप्पा भंडारा घेऊन तसेच उभे. मी सावकाश वाजवत राहिलो. मला वाटलं, संपलं. मग तिची मान हलली. उठली. तिच्या मोडक्या खांद्यावरची नजर मी काढली न्हाई. फार चढवलं न्हाई, लगेच उतरवलं. ती माझ्या पायाशी येऊन बसली, लेकरावानी.

भानावर आल्यावर तिनं चौफेर बघितलं. विचारलं, सुनील आला न्हाई व्हय? कालपासून ती ओट्यावर बसायलीय. रस्त्यानं बस गेली की मान वर करती. संध्याकाळी मला विचारती, काय रे, पोरानं काय कळवलं?

मी काय सांगू? मला जमत न्हाई. तू येऊन सांग.

माय बरी हाय. सगळ्यांचा जीव तुझ्यात हाय, जाणून अस.

लिंगाप्पा